मिरज: लक्ष्मी मार्केट ते दर्गा हा पट्टा बाजार आणि वाद्यांच्या जोरावर पुन्हा उभा करायचा तर सुरुवात कुठून?

पेठकरी

मिरजेच्या मध्यवर्ती भागासाठी व्यापारी, वाद्य कारागीर आणि दोन-तीन वास्तुविशारद मिळून एक आराखडा करत आहेत. भाग म्हणजे लक्ष्मी मार्केट, दर्ग्याकडे जाणारे रस्ते, सतारमेकर गल्ली आणि मधले बोळ. इथे माणसांचा तोटा नाही. दवाखान्यांमुळे कर्नाटकातले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक रोज येतात, जंक्शन असल्याने पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारी बाजूंच्या गाड्या आहेत. मराठी, कन्नड, दखनी तिन्ही भाषा एकाच दुकानात ऐकू येतात. तरीही आतल्या बोळांत शटरं बंद, वरचे मजले ओस, आणि आलेला माणूस गोळ्या-औषधं घेऊन थेट स्टेशन गाठतो.

सध्याच्या मसुद्यात चार गोष्टी आहेत: प्रवेशाला सतारीच्या आकाराची कमान, भिंतींवर चित्रं, सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि दहा दिवसांचा संगीत महोत्सव. पहिल्या वर्षी पैसा थोडाच आहे. तो कुठे घालावा? बंद गाळ्यांचं काय करता येईल? आणि रस्त्यावरच्या भाजीवाल्यांना हलवावं लागेल का?

मोजपट्टी

कमान यादीत सगळ्यात खाली टाका. दुचाकीवाले तिच्याखाली गाड्या लावतील, एवढाच तिचा उपयोग.

पहिला खर्च मोजणीवर करा, त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. चार नाके निवडा, प्रत्येकी दोन माणसं. सकाळी ८ ते रात्री ९, दर तासाची पहिली १५ मिनिटं मोजायचं आणि आकड्याला चारने गुणायचं. एक साधा वार, एक आठवडी बाजाराचा दिवस, एक रविवार. उरुसाचे आणि नवरात्राचे दिवस टाळा, त्या आकड्यांवर वर्षाचा हिशेब बसत नाही. नुसती डोकी मोजू नका. आत जाताना हात रिकामा आणि बाहेर येताना पिशवी, अशी माणसं वेगळी मोजा. कुठे कोण उभं राहतं, कोण पायरीवर टेकतं, तेही लिहा. पायरीवर टेकलेला माणूस म्हणजे बसायला जागा मिळाली तर अर्धा तास थांबणारं गिऱ्हाईक.

मिरजेत दुपारचा आकडा नीट बघा. सकाळी ओपीडी, रिपोर्ट संध्याकाळी, मधले तीन-चार तास नातेवाईक कुठेतरी काढतोच. त्याला हवं असतं स्वच्छ स्वच्छतागृह, सावलीतला बाक, मोबाईल चार्जिंग, पेशंटला चालेल असं गरम जेवण. हे एका बोळात सापडलं की त्या बोळातलं कापडाचं, भांड्यांचं, खेळण्यांचं दुकानही चालतं. महोत्सव दहा दिवसांचा असतो, ओपीडी वर्षभर चालते.

शटरांची यादीही याच आठवड्यात करून टाका. रकाने असे: मालक कोण, भाडेकरू कोण, पागडी की करार, किती महिने बंद, कारण, वीजमीटर चालू आहे का, छत गळतं का, वरच्या मजल्याचा जिना रस्त्यावरून आहे की दुकानातून. मीटरचा आणि जिन्याचा रकाना लोक विसरतात आणि तिथेच पुढचं सगळं अडतं. जिना दुकानातून असेल तर वरचा मजला वेगळा भाड्याने जाणार नाही. मीटर कायमचा तोडलेला असेल तर जुन्या थकबाकीचं भांडण नव्या भाडेकरूच्या गळ्यात पडतं, म्हणून करारापूर्वीच ते मालकाकडून मिटवून घ्या.

जवारी

वाद्यांबद्दल लिहितो, कारण मसुद्यात सतार फक्त कमानीवर दिसते आहे.

सतार किंवा तानपुरा ही येता-जाता घ्यायची वस्तू नाही. चांगला तानपुरा घेतलेला माणूस नवा घ्यायला पुन्हा वीस वर्षांनी येईल. पण जवारी (स्वर खुलावा म्हणून घोडीचा माथा घासून दिलेला बारीक उतार), तारा, खुंट्या, सतारीचे पडदे यांची कामं त्याला वारंवार काढावी लागतात. म्हणून गल्लीचा खरा धंदा दुरुस्तीचा आहे, आणि बघणाऱ्यालाही तोच खिळवून ठेवतो. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने अगदी हलक्या हाताने घासतो, पॉलिश पेपर फिरवतो, तार चढवून छेडतो, पुन्हा उतरवून घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सूत सरकवत नेतो, आणि एका जागी मुका वाटणारा स्वर एकदम उघडतो. हे कमी वेळात, डोळ्यांसमोर घडतं आणि त्यासाठी माईक लागत नाही.

तेव्हा पहिल्या वर्षी एवढंच करा: आठवड्यातला एक वार ठरवून ‘जवारी आणि तारा’ दिवस जाहीर करा. कोल्हापूर, बेळगाव, पुण्याहून रेल्वेने सकाळी वाद्य आणायचं, संध्याकाळी घेऊन जायचं. मधला वेळ तो वादक आणि सोबतचा माणूस पेठेतच असतात. नोंदणी आधी फोनवर घ्या, एका कारागिराकडे त्याच्या आवाक्यातलीच वाद्यं. जास्त घेतली की काम रात्रीवर ढकललं जातं, आणि घाईत काढलेली जवारी महिन्याभरात बसते. तेवढ्यावर नाव जातं.

कार्यशाळेला काच लावून ती रस्त्याला दिसेल असं करायचं असेल तर दोन धोके ओळखून ठेवा. पॉलिश चपडा (लाख) आणि स्पिरिटचं असतं. स्पिरिट भडकतं, त्यामुळे पॉलिशचं काम आणि साठा मागच्या हवेशीर खोलीत हवा, जवळ विजेचा उघडा जोड नको, आग विझवायचं सिलिंडर दाराशी. दुसरा धोका लाकडाच्या भुशाचा. भुसा आणि पॉलिश एकाच खोलीत आले तर पॉलिशवर कण बसतात आणि काम वाया जातं.

कारागिरांना एका चकचकीत ‘क्राफ्ट सेंटर’मध्ये हलवायची कल्पना कुणी मांडलीच तर तिथेच थांबवा. वाद्याच्या खालच्या गोल भागाचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ते महिनोन्महिने कोरडे राहावे लागतात. त्यासाठी माळा लागतो, गच्ची लागते. दहा बाय दहाच्या गाळ्यात सतार विकता येईल, घडवता येणार नाही.

भौगोलिक मानांकनाबद्दलही (जीआय) गैरसमज आहे. मिरजेची सतार आणि तानपुरा यांना २०२४ मध्ये मानांकन मिळालं म्हणून गल्लीतल्या प्रत्येकाला ते चिन्ह आपोआप वापरता येत नाही. प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र अर्ज करावा लागतो. शुल्क नाममात्र आहे, अडतं ते कागदांवर: आपण हे काम करतो याचा पुरावा, पत्ता, उत्पादनाचं वर्णन. एक टेबल, एक संगणक आणि कागद भरून देणारा माणूस पंधरा दिवस बसवला तर सगळी गल्ली उरकते. भिंतीवरच्या चित्रांपेक्षा हा खर्च आधी.

पेठकरी

दुरुस्तीचा वार ही कल्पना लगेच उचलतो. पण कारागिरांपैकी काहीजण जुन्या पागडीच्या जागेत आहेत आणि बंद शटरांपैकीही बरीच तशीच. मालक म्हणतो भाडेकरू सोडत नाही, भाडेकरू म्हणतो देऊ कसं. गाठ सुटते का?

कलम आणि करार

सगळी नाही सुटत. काही सुटतात.

शटर बंद का राहतं ते आधी समजून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर ते जागा खाली करून घेण्याचं कारण ठरतं. दुसरीकडे, योग्य कारणाशिवाय सहा महिन्यांहून जास्त काळ जागा वापराविना ठेवली तर तेही कारण ठरतं. म्हणजे भाडेकरूला देताही येत नाही आणि बंद ठेवणंही धोक्याचं. म्हणून तो महिन्यातून दोनदा शटर वर करतो, उदबत्ती लावतो आणि खाली ओढतो. तुमच्या यादीत असे गाळे ‘चालू’ म्हणून येतील, सावध राहा.

व्यवहार्य मार्ग तिघांच्या कराराचा. मालकाची लेखी संमती, मूळ भाडेकरूचा हक्क अबाधित असल्याचं कलम, आणि नव्या माणसाला ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स. भाड्याची वाटणी मालक आणि मूळ भाडेकरू यांच्यात आधीच आकड्यात लिहायची. करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच, ‘नोटरी केलं की झालं’ हा समज चुकीचा आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत लायसन्स घेणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला सांगितलं की तो स्वतःच नोंदणीला येतो. वारसांचा वाद असलेले गाळे पहिल्या वर्षी सोडून द्या. महापालिकेचा गाळा असेल तर वाटपाच्या अटी वाचल्याशिवाय कुणालाही आत बसवू नका.

भाडं आधी माफ करून जागा भरायच्या असतील तर लंडनच्या ब्रिक्स्टनमधल्या जुन्या झाकलेल्या मार्केटचं उदाहरण बघा, बरंवाईट दोन्ही. २००९ मध्ये तिथले २० रिकामे गाळे तीन महिने बिनभाड्याने नव्या लोकांना दिले. बाजार गजबजला, खाण्याची ठिकाणं आली, आणि मागोमाग भाडी चढली, जुन्या विक्रेत्यांना ती जड गेली. म्हणून सवलत देताना मालकाकडून उलटं लिहून घ्या: पुढच्या तीन नूतनीकरणांत वाढ किती टक्क्यांच्या वर जाणार नाही, आणि शेजारच्या जुन्या भाडेकरूलाही तीच मर्यादा. गजबज व्हायच्या आधी मालक सही करतो. नंतर तो फोनही उचलत नाही.

भाजीवाल्यांबद्दल: हलवायचा विचार आधी डोक्यातून काढा. पथविक्रेता कायदा २०१४ नुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि त्यानंतरही स्थलांतराला ३० दिवसांची नोटीस लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात, त्यात एक तृतीयांश महिला. पन्नास वर्षांहून जुन्या जागेवरच्या बाजारांना याच कायद्यात वेगळं संरक्षण आहे. आणि धंद्याच्या दृष्टीनेही, रोज माणूस खेचून आणते ती भाजीच. मार्केटच्या तोंडची मेथीची जुडी हलवली की आतल्या बांगड्यांच्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटतं.

उत्सवी

सगळेच महोत्सवावर तुटून पडलेत. मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून चालतो, त्याने तो परिसर लोकांच्या डोळ्यांत आणला नाही का?

जवारी

आणला, पण तिथे जहांगीर आर्ट गॅलरी, वस्तुसंग्रहालय, डेव्हिड ससून ग्रंथालय आधीपासून उभी होती आणि वर्षभर उघडी असतात. मिरजेत असं वर्षभराचं काय आहे, तिथून सुरुवात करा. शिवाय महोत्सव इथे नव्याने काढायची गरजच नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत दर्ग्यात उरुसाच्या वेळी गाणं होतं, अंबाबाईच्या देवळात नवरात्रात होतं. त्यांच्या तारखांना जोडून फक्त दिवसाचे कार्यक्रम ठेवा: तानपुरा जुळवणं, तारा बदलणं, लाकूड ओळखणं.

आवाजाचं मात्र आधी बघा. या भागात दवाखाने दाट आहेत. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असेल तर तिथे मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. व्यापारी भागाची दिवसाची मर्यादा ६५ आहे. रस्त्यावर भिंत उभी केल्यासारखे स्पीकर लावाल तर पहिली तक्रार आयसीयूतून येईल, आणि ती रास्तच असेल. बैठक बंद खोलीत, ५० माणसांची, बिनमाईकची ठेवा. तानपुऱ्याला तीच मानवते.

मोजपट्टी

रस्त्याचं राहिलं होतं. पेव्हर ब्लॉक टाकायच्या आधी जुना थर खरवडून काढायची अट निविदेत घाला. डांबरावर डांबर चढून रस्ता दुकानांच्या उंबऱ्याच्या वर गेलाय का, ते गल्लीगल्लीत पट्टी लावून मोजा. गेला असेल तर पहिल्या पावसात पाणी कापडाच्या ठाणांत, आणि आराखड्याच्या नावाने कायमची बोंब. पाणी, ड्रेनेज, केबल हे आधी, फरशी शेवटी. नाहीतर सहा महिन्यांत खणतात आणि ब्लॉक परत बसवताना खालची वाळू दाबत नाहीत, मग हातगाडीचं चाक तिथेच रुततं.

पदपथ जिथे निघतो तिथे अडथळ्याविना १.८ मीटर रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळं ठेवा, कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. हा रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचाच हिशेब आहे. छपरं, पाट्या, लटकवलेल्या बादल्या सगळं त्या २.२ च्या वर. वाहनबंदी करायची तर पहिल्यांदा फक्त एका बोळात, महिनाभर, बॅरिकेड लावून. माल उतरवायला सकाळी ९ च्या आधीची वेळ ठेवा. रुग्णवाहिकेची वाट आखून ती रोज संध्याकाळी खरी रुग्णवाहिका फिरवून तपासा, नकाशावर ती नेहमीच मोकळी दिसते.

पेठकरी

उपयोगी. कमान मसुद्यातून काढून टाकली. एक शेवटचं: पाट्या कन्नड आणि उर्दूतही लावाव्यात असं काही दुकानदारांचं म्हणणं आहे. चालतं का?

कलम आणि करार

चालतं. नाव मराठीत, देवनागरीत हवं आणि इतर कुठल्याही लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत, एवढं पाळा. खाली कन्नड आणि उर्दू खुशाल येऊ द्या. रंगाऱ्याला तिन्ही ओळींची अक्षर-उंची सेंटिमीटरमध्ये लिहून द्या, कारण कन्नड अक्षरं गोल आणि पसरट, ती नजरेला मोठी दिसतात आणि पाहणीला आलेला माणूस पट्टी लावत नाही. औषधाच्या आणि जेवणाच्या दुकानांपासून सुरू करा, वाट चुकलेला, कर्नाटकातल्या अथणीचा माणूस आधी तिथेच विचारतो.