कॅमेऱ्याबरोबर माणसंही हवीत

पुण्याच्या पेठांत राहून अभ्यास करणाऱ्या मुलामुलींच्या सुरक्षेसाठी सीसीटीव्ही वाढवा, ही मागणी रास्तच आहे, पण कॅमेरा मदतीला धावत नाही. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर दिवसा कोयता घेऊन एक जण तरुणीच्या मागे लागला, तेव्हा तिला वाचवलं ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी. नवी पेठेतल्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत चालतात. तिथल्या मेसवाल्या काकू, टपरीवाले दादा, वॉचमन काका यांना रोजचे चेहरे पाठ असतात. ही मंडळी, घरमालक आणि मुलं असा गल्लीपुरता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, पोलीस चौकीतल्या बीट अंमलदारालाही (तुमचा भाग सांभाळणाऱ्या पोलिसालाही) त्यात घ्या. गल्लीतला दिवा गेला तरी त्यावर लगेच कळवा. जिवावरचा प्रसंग असेल तर मात्र ग्रुपवर लिहीत बसू नका, थेट ११२ लावा.