मदत हवी आहे: कबुतरं टाळून चिमण्या-बुलबुल गॅलरीत कसे आणायचे?

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. मुलगी पाच वर्षांची, धाकटा तीनचा, दोघांनाही पक्ष्यांचं भलतंच वेड! गॅलरीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवतो, दोन इंचांहून खोल नाही, रोज घासून. त्यावर बुलबुल, दयाळ येतात. जास्वंदीला शिंजीर लोंबकळतो.

अडचण दाण्यांची. बाजरी, कणी टाकली की कबुतरांची फौज हजर. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट, आणि धाकटा सगळीकडे हात घालतो, म्हणून दाणे तूर्त बंद. पोरगी रुसलीये. चिमण्यांना चालेल पण कबुतरांना बसता येणार नाही असं खाद्यपात्र कुणी वापरलंय का? घरटं-पेटीला सव्वा इंचाचं भोक चिमणीला पुरतं. पण ती किती उंच, कुठल्या दिशेला लावावी?

त्याहून घाईचं म्हणजे, बुलबुलाची जोडी मनीप्लांटच्या कुंडीत काड्या आणतेय. या दोन वानरांना लांब कसं ठेवायचं? मध्ये पडदा लावला तर पक्षी बिचकतील का? त्या कुंडीला पाणी कसं घालायचं? 'हात लावलास तर आई पिल्लांना टाकून जाते' असं आजी सांगते. ते खरं नाही म्हणून मी सांगत नाही, पण माझं साधं 'नको' कुणी ऐकत नाही.