मदत हवी आहे : गहू न दळणारी गिरणी, ठाण्यात कुठे?

नमस्कार मंडळी. पाचपाखाडीत राहते. लेक १९ वर्षांची. दोन महिने तिच्या मांड्यांवर आपोआप काळेनिळे डाग, ब्रश करताना बेसिन लाल. मी आपली म्हणत राहिले, लोकलच्या गर्दीत आपटली असशील!

प्लेटलेट्स नॉर्मल निघाल्या, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) २.९, म्हणजे बराच जास्त. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिल्यावर तो उतरला. मग डॉक्टरांनी विचारलं, पोट कसं असतं? अधूनमधून पातळ, तेलकट शौच. आम्ही वडापाववर ढकलायचो. सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) असेल तर आतड्यात चरबी नीट शोषली जात नाही, तिच्याबरोबर व्हिटॅमिन केही जातं, म्हणून रक्त गोठायला वेळ लागतो, असं त्यांनी समजावलं. टीटीजी (सीलिॲकसाठीची रक्ततपासणी) बरंच वाढलेलं आलंय. बायोप्सी गुरुवारी. तोवर पोळी बंद करायची नाही, नाहीतर तपासणी फसू शकते.

नंतर बहुधा गहू, रवा, मैदा सगळंच बंद. नौपाडा-वर्तकनगरकडे गहू अजिबात न दळणारी गिरणी माहीत आहे का? आमचा गिरणीवाला म्हणतो, "आधी मूठभर ज्वारी फिरवून काढतो ना, ताई." तेवढ्यावर विसंबू का? आणि गव्हाचं पीठ नसलेला हिंग कुठे मिळतो? डबीवर वाचलं तेव्हा उडालेच मी.