पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत की बाहेर?

इंग्रजीत पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत द्यायचा की बाहेर, यावरून वर दोघांची जुंपलीय खरी, पण दोघंही बरोबर आहात. एकजण अमेरिकेचं सांगतोय, दुसरा ब्रिटनचं. अमेरिकी पद्धतीत पूर्णविराम आणि स्वल्पविराम डोळे मिटून आत, अर्धविराम मात्र बाहेर. ब्रिटिश पद्धत अर्थ बघते: विराम मूळ बोलणाऱ्याचा असेल तर आत, आपल्या वाक्याचा असेल तर बाहेर. प्रश्नचिन्हाला दोन्हीकडे अर्थाचाच नियम. दुहेरी (“ ”) की एकेरी (‘ ’) चिन्हांचं म्हणाल तर बाहेरच्या अवतरणाला अमेरिकेत दुहेरी, ब्रिटिश पुस्तकांत बहुधा एकेरी. एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा, संपलं.

मला जास्त खटकतात ती शोभेची अवतरणं. द्राक्षांच्या हंगामात नाशिकच्या रस्त्यांवरच्या इंग्रजी पाट्या बघा, ‘फ्रेश’ ग्रेप्स! सांगायचं असतं ‘अगदी ताजी’, वाचणारा समजतो ‘म्हणे ताजी’. इंग्रजीत एकट्या शब्दाला अशी चिन्हं लावली की लिहिणाऱ्यालाच त्यावर भरवसा नाही, असा वास येतो. जोर द्यायचा तर अक्षर ठळक करा. वायनरीच्या पत्रकात ‘ऑरगॅनिक’ला चिन्हं दिसली तर गिऱ्हाईक बाटली दोनदा उलटून बघेल!

आणि अनेक परिच्छेदांच्या लांब अवतरणात चिन्हं कुठे द्यायची, असं कुणीतरी विचारलं होतं. अवतरण पुढच्या परिच्छेदात गेलं, तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला उघडणारं चिन्ह पुन्हा द्यायचं, बंद करणारं फक्त शेवटच्या परिच्छेदाअखेर. मुद्रितशोधक ‘राहिलंय वाटतं’ म्हणून मधेच बंद करून टाकतात, तेवढं त्यांना आधी सांगून ठेवा.