मदत हवी आहे: एकच इम्प्लिमेंटेशन असेल तर इंटरफेस ठेवायचा की काढायचा?

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचं काम नुकतंच माझ्याकडे आलंय. जावा १७, स्प्रिंग बूट ३. खात्यात पैसे जमा झाले की सभासदाला एसएमएस जातो आणि त्याची नोंद टेबलात पडते, एवढंच एका मॉड्यूलचं काम. त्यासाठी एक इंटरफेस (कोणत्या मेथड असतील एवढंच सांगणारा), त्याचा 'इम्पल' (त्या मेथड प्रत्यक्ष लिहिणारा क्लास), वर अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास, प्रोव्हायडर (एसएमएस पाठवून देणारी कंपनी) निवडायला फॅक्टरी. प्रोव्हायडर पहिल्यापासून एकच! फॅक्टरीतल्या स्विचमध्ये एक केस, एक डीफॉल्ट. डीफॉल्टही त्याच प्रोव्हायडरकडे जातो.

"उद्या प्रोव्हायडर बदलला तर?" म्हणून हे केलं होतं म्हणे. तो काही बदलला नाही, बदलला नियम. २०२१ मध्ये ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डीएलटी व्यवस्थेत, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेत, टेम्प्लेटची (मेसेजच्या ठरलेल्या नमुन्याची) तपासणी सुरू झाली आणि प्रत्येक मेसेजसोबत मंजूर टेम्प्लेटचा आयडी पाठवणं आलं. इंटरफेसमधल्या सेंड मेथडला मात्र दोनच पॅरामीटर, नंबर आणि मजकूर. मग कोणीतरी आयडी मजकुराच्या आधी पाइपचं चिन्ह (|) देऊन चिकटवला आणि तळाच्या क्लासमध्ये स्प्लिट करून वेगळा काढला. (हसू नका, प्रॉडक्शनमध्ये चालू आहे.)

मला हे सगळं एका साध्या क्लासमध्ये आणायचंय. सीनियर म्हणतात, इंटरफेस नसेल तर स्प्रिंगचं ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन चालणार नाही, टेस्टमध्ये मॉकही (खऱ्याच्या जागी नकली ऑब्जेक्ट) करता येणार नाही. मीटिंगमध्ये तोंड उघडण्याआधी खात्री करून घ्यायचीय. हे खरं आहे का? आणि काढायचं तर कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद:

दोन्ही मुद्दे जुन्या काळातले आहेत. ते ट्रान्झॅक्शनल प्रॉक्सीतून चालतं, म्हणजे स्प्रिंग तुमच्या क्लाससमोर उभा करतं त्या मधल्या ऑब्जेक्टमधून. जावाच्या जेडीके प्रॉक्सीला इंटरफेस लागतो हे खरं, पण स्प्रिंग बूट २.० पासून, म्हणजे २०१८ पासून, डीफॉल्ट सीजीलिब ही दुसरी पद्धत आहे. ती प्रॉक्सी थेट क्लासवरून बनते. फक्त क्लास आणि त्या मेथड फायनल ठेवू नका. मॉकिटो ही टेस्टची लायब्ररी तर साध्या क्लासचंही मॉक करून देते.

आधी आयडीला स्वतंत्र पॅरामीटर करा, ते पाइप प्रकरण घालवा, टेस्ट चालवा. मग फॅक्टरी काढा, इम्पल सगळ्यात शेवटी. दुसरा प्रोव्हायडर खरंच आला तर आयडीईत 'एक्स्ट्रॅक्ट इंटरफेस' आयतं आहे, पाच मिनिटांचं काम. आणि तेव्हा दोन्ही एपीआय समोर असतील, अंदाजाने मेथड ठरवाव्या लागणार नाहीत.

फॅक्टरीला हात लावण्याआधी ओटीपी पाठवणारा कोडही तीच वापरतोय का, तेवढं शोधून इथे सांगा.