यंत्रमाग कारखान्यात 15 ऑगस्ट: झेंडावंदन, पीसरेटचा पगार आणि तिरंगी टॉवेलची ऑर्डर

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड: नमस्कार मंडळी. सोलापुरात टॉवेलचा कारखाना आहे, 16 माग, 22 कामगार, बहुतेक पीसरेटवर, म्हणजे जेवढे नग तेवढी मजुरी. यंदापासून कारभार माझ्याकडे आला. ज्या गावानं चार हुतात्मे दिले, तिथं मालक म्हणून हा दिवस नीट साजरा व्हावा असं मनापासून वाटतं. तीन शंका आहेत. आवारात ध्वज लावायचे नियम काय? त्या दिवशी पीसरेटवाल्यांना काय द्यायचं? एका व्यापाऱ्याला 15 ऑगस्टसाठी अशोकचक्रासह तिरंगी नॅपकिन हवेत, घ्यावी का ऑर्डर?

साखरपेठ_विणकर: शेवटचं आधी. ऑर्डर घेऊ नका. 1971 च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यात रुमाल, नॅपकिन, उशी, कपड्याचं कापड यांवर ध्वज छापणं किंवा भरतकामानं काढणं हा अवमान धरला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ध्वजाचा नुसता एखादा भाग चितारला तरी तो ध्वजच समजतात, त्यामुळे "चक्र काढून टाकू" ही पळवाट चालत नाही. त्याच व्यापाऱ्याला पांढऱ्या रंगाचा, एकरंगी काठाचा टॉवेल दाखवा.

आता ध्वज. प्रमाण 3:2. बारा-पंधरा फुटी पाइपला 900×600 मिमी पुरतो, वीस फुटाला 1350×900. डिसेंबर 2021 पासून मशीनवरचं आणि पॉलिएस्टरचंही कापड चालतं. पावसात भिजून जड होत नाही, म्हणून ऑगस्टला मी तेच सुचवेन. जुलै 2022 पासून रात्रीही फडकवता येतो, पण तुमच्याकडे लक्ष ठेवणारा नसेल तर सूर्यास्ताला उतरवा.

घोटाळा होतो तो दोरीत. लाकडी गुल्ली असते ती केशरी बाजू, ती वर. घाईत उलटी बांधली की ध्वज उलटा चढतो. पाकळ्या घालून पुडी बांधायची असेल तर सुटती गाठ मारा आणि आदल्या संध्याकाळी एकदा ओढून बघा. दोरी भिजली की घट्ट गाठ सुटत नाही. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश. कंपनीचा झेंडा त्याच्या वर किंवा बरोबरीनं नको. फाटलेला ध्वज पुसायला किंवा यंत्र झाकायला नको, बाजूला नेऊन सन्मानानं जाळा.

कन्नाचौक_हिशेबनीस: दुसऱ्या शंकेवर थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी चूक इथंच होते. "माग बंद, उत्पादन नाही, म्हणून पीसरेट शून्य" असं म्हणून विणकराची राष्ट्रीय सुट्टी बिनपगारी करतात. 2017 च्या राज्य कायद्यात येणाऱ्या दुकान-गोदामांना 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या सुट्ट्या पगारी आहेत. कारखान्यातही तोच हिशेब धरा. जुलैची कमाई भागिले हजेरीचे दिवस: 15,600 झाले आणि 26 दिवस भरले, तर 600 रुपये. वहीत वेगळा रकाना करा, आगाऊ उचलीपोटी वळते करू नका.

22 कामगार म्हणजे पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) दोन्ही लागू. भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. ईएसआयला कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. बदली विणकराचं नाव हजेरीवर न घेता काम करून घेतात, आणि त्याच्या बोटाला लागलं की दवाखान्याचं बिल कोण भरणार यावर भांडण होतं. पहिल्याच दिवशी नोंद करा.

मार्कंडेय_चौक: दोघांशी सहमत. भाषण ठेवणार असाल तर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही चार नावं घ्या. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. 1930 मध्ये इथल्या नगरपालिकेवर चरख्याचा तिरंगा चढला आणि पुढच्याच महिन्यात मार्शल लॉ आला. नव्या पोरांना हे माहीत नसतं, मालकानं सांगितलं तर ऐकतात.

आणि 14 तारखेला माग बंद करून दोन तास काढा. प्रत्येक मागाला धोटा (आडवा धागा नेणारी नळी) उडून लागू नये म्हणून असलेला गार्ड तपासा. साफसफाईला काढलेला गार्ड परत बसवायचा राहतो. मोटरच्या पट्ट्याला जाळी आहे का, तेही बघा. कापसाचा तूस साचलेला मेन स्विच आधी बंद करून मगच ब्रशनं झाडा.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड: नॅपकिनला नकार कळवला. पीसरेटचा रकाना आज सुरू करतो. गार्डची यादी मागाच्या क्रमांकानं करून जॉबरकडे, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मुकादमाकडे, देतो.