जिने चढा, पण उतरासुद्धा

सिद्धेश्वर तलावाभोवती रोज तासभर चालणं डिसेंबरातल्या कळसूबाईसाठी पुरेल का, असं विचारलंय. दमसास नक्की वाढेल, पण मांड्या तयार होणार नाहीत. चढताना लागलेली धाप थांबलं की ओसरते. उतरताना मात्र मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन पेलतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची ठणक बहुतेक त्याचीच असते. आपल्या सोलापुरात सगळी सपाटी, त्यामुळे ही सवय पायांना लागतच नाही.

म्हणून अपार्टमेंटचे जिने धरा आणि लिफ्टने खाली येऊ नका, एकेक पायरी सावकाश उतरा. शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटरवर आहे; पायथ्यापासूनचा चढ त्याहून कमी, तरी शेकडो मीटरचा. मजल्याचे ३ मीटर धरले तर १०० मजले म्हणजे जेमतेम ३०० मीटर! रोज नको, आठवड्यातून दोन-तीनदा, मजले हळूहळू वाढवत. पाठीवर सॅक हवीच. त्यात पाण्याच्या बाटल्या भरा, लिटरला एक किलो. गुडघे कुरकुरले तर पाणी गच्चीतल्या कुंड्यांना घालून हलक्या पाठीने उतरा. दुखणं जुनं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, हे मनापासून सांगतोय. बूट आत्ताच घेऊन त्यातच सराव करा. शिदोरीचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणीपुढे मला दुसरं काही सुचत नाही.